फोटोला बसताना

माणसाला आयुष्यात किती वेळा फोटोला बसावे लागते याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. शाळेत नाव घातले की एक, दहावीच्या परीक्षेला एक, बँकेत खाते उघडताना एक, मतदार ओळखपत्राला एक, आधारला एक. घरात मुलामुलीचे लग्न काढले की एक, आणि ते ठरले की मग मोजदादच नाही. यांतले बहुतेक फोटो आपण सरकारच्या नाही तर सोयऱ्यांच्या आज्ञेवरून काढून घेतो. शेवटचा एक फोटो मात्र असा असतो की तो निवडायला आपण उरलेलो नसतो. घरातली आजी जाते, दहाव्याची तयारी सुरू होते, हार घालायला तसबीर हवी म्हणून सारे घर फोटो धुंडाळू लागते, आणि तिचा एकटीचा असा एकही फोटो सापडत नाही. अखेर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतात. अशा तसबिरी आम्ही पुष्कळ घरांत पाहिल्या आहेत. निरखून पाहिले तर आजीच्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा पंजा तसाच राहिलेला असतो.

पूर्वी हे गरिबीमुळे होई. फोटोला पैसे पडत, आणि त्यासाठी अकलूजला नाही तर फलटणला जायचे म्हणजे दिवस मोडे. आज तर खिशाखिशांत कॅमेरा आहे. तरीही हे घडते, कारण कॅमेरा समोर आला की आजी पदर पुढे ओढून म्हणते, "माझा कशाला? माझा फोटो चांगला येत नाही." हे वाक्य आजीच म्हणते असे नाही. कॉलेजातली मुलगी म्हणते, दुकानदार म्हणतो, भाषणे ठोकणारा पुढारीही खासगीत म्हणतो. म्हणून या एका वाक्याचीच आज जरा चौकशी करू. फोटो चांगला येत नाही यात दोष कुणाचा? चेहऱ्याचा, यंत्राचा, की आणखी कशाचा?

यंत्रापासून सुरुवात करू. १८३९ साली दागेर या फ्रेंच गृहस्थाची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा चित्र उमटायला मिनिटेच्या मिनिटे लागत. झाड, इमारत, पूल यांची त्याला हरकत नव्हती, माणसाची होती. माणूस श्वास घेतो, मान हलवतो, पापणी मिटतो. पुढे वेळ कमी होत गेली, पण प्रारंभीच्या काळात गिऱ्हाइकाच्या मानेमागे लोखंडी टेकू लावून डोके दोन बोटांच्या चिमट्यात अडकवीत. तो टेकू समोरून दिसू नये अशी व्यवस्था असे, पण चेहऱ्यावर तो दिसतोच. जुन्या फोटोंतली माणसे कुणावर तरी रागावल्यासारखी का दिसतात, याचे निम्मे उत्तर त्या टेकूत आहे. ओठांवरचे हसू अर्धे मिनिट टिकवून पाहा, म्हणजे आमचे म्हणणे पटेल. दुसऱ्या निम्म्या उत्तराचे नाव रिवाज. फोटो हा चित्रकाराने काढलेल्या तसबिरीचा वारसदार, आणि तसबिरीत प्रतिष्ठित माणसाने दात दाखवायचे नसतात. पुढे काचा तल्लख झाल्या, सेकंदाच्या अंशात फोटो निघू लागला, टेकू अडगळीत गेला. पण ताठ बसण्याची चाल मात्र राहिली. आजही कॅमेरा दिसताच आपण श्वास रोखतो. हा त्या नाहीशा झालेल्या टेकूचाच धाक आहे.

आपल्या मुलखात हे शास्त्र फार लवकर आले. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आरंभीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. परंतु मुंबईच्या विद्वानांनी एखादी गोष्ट स्वीकारली म्हणजे लोकांनी ती स्वीकारली असे होत नाही. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फोटोग्राफर होते. गोध्र्यास त्यांनी धंदा मांडला होता. १९०० सालच्या प्लेगात पत्नी आणि मूल गेल्यावर ते बडोद्यास आले. तिथे त्यांचा धंदा बसला, तो एका वदंतेने. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि त्याने मरण ओढवते, असे लोक बोलू लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. पुढे १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांना तारामतीची भूमिका करायला स्त्री मिळेना आणि ती साळुंके नावाच्या पुरुषाला करावी लागली, हे तर सर्वश्रुतच आहे.

या वदंतेला आम्ही नुसते अडाणीपण म्हणणार नाही. कॅमेरा आपल्यापासून काहीतरी नेतो ही भावना खरीच आहे. आपण कसे दिसतो हे ठरविण्याचा अधिकार क्षणभर दुसऱ्याच्या हाती जातो. शिकलेल्या माणसाला आज मरणाची भीती वाटत नाही, पण ओशाळल्यासारखे होते ते याच कारणाने.

आणि तरीही त्याच काळातला एक फोटो पाहा. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनी फोटोला बसल्या: जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबूली आणि आपल्या आनंदीबाई जोशी. तिघी आपापल्या देशाच्या वेषात आहेत. आनंदीबाई साडीत आहेत. वय अवघे वीस. पुढच्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि त्यानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, निवर्तल्या. फोटोत हसू नाही. चेहरा शास्त्रात सांगितलेल्या सौंदर्याच्या मापाने फार देखणा आहे असेही कोणी म्हणणार नाही. पण त्या अशा बसल्या आहेत की ही खुर्ची आपली आहे याबद्दल त्यांना शंका नाही. परक्या मुलखात, परक्या माणसांत, थंडीला नको असलेल्या वस्त्रात ही मुलगी स्वतःच्या घरात बसावी तशी बसली आहे. फोटो 'चांगला येणे' म्हणजे काय, असे आम्हांस कुणी विचारले तर आम्ही त्याला हा फोटो दाखवू.

आता रंगाचा प्रश्न. तो आपल्याकडे फार नाजूक आहे, आणि लग्नाच्या बाजारात त्याने अनेक मुलींना रडवले आहे. जुन्या फोटोंत कपाळावरचे कुंकू काळे दिसते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. त्या वेळच्या काचा आणि फिल्मा निळ्या प्रकाशाला तत्पर असत, तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. तांबडे ते त्यांना काळेच वाटे. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीत तांबडा-पिवळा अंश पुष्कळ; तोही गडद उमटे. म्हणजे पणजीचा फोटो पाहून "पणजी फारच काळी होती हो" असे जे आपण म्हणतो, ते पणजीचे वर्णन नसून काचेचे आहे. सर्व रंग नीट पाहणारी फिल्म विसाव्या शतकात रूढ झाली. मग रंगीत फोटो आले, तर परदेशी कारखान्यांनी रंग जुळवण्यासाठी छपाईच्या प्रयोगशाळांना जे नमुन्याचे कार्ड धाडले, त्यावर गोऱ्या स्त्रीचे चित्र! यंत्र जिच्या मापाने बेतले ती आपली नव्हतीच. मधल्या काळात आमच्या स्टुडिओवाल्यांनी यावर पेन्सिलीचा उपाय शोधला होता. निगेटिव्हवर शिशाची पेन्सिल हलक्या हाताने फिरवली की तेवढा भाग कागदावर उजळ उतरतो. मुरूम जात, सुरकुत्या जात, रंग दोन छटा खुले. आज तेच काम फोन आपण होऊन करतो, न विचारता करतो, आणि मुलगी पाहायला आलेली मंडळी मग मुलीलाच फोटोशी ताडून पाहतात. पेन्सिल निदान माणसाच्या हातात होती. ती कुठे थांबवायची हे त्याला कळत असे.

रंगाहूनही मोठी गंमत आरशाची आहे. आपला चेहरा आपण रोज आरशात पाहतो, म्हणजे उलटा पाहतो. भांग डावीकडे असला तर आरशात तो डावीकडेच राहतो. समोर उभ्या माणसाला मात्र आपली डावी बाजू त्याच्या उजव्या हाताला दिसते. कुणाचाही चेहरा दोन्ही अंगांनी सारखा नसतो. एक भुवई किंचित वर, एक गाल किंचित भरलेला. ही वाकडी मांडणी आपण आरशात जन्मभर एका बाजूने पाहिलेली असते, आणि फोटोत ती अचानक दुसऱ्या बाजूला जाते. चेहरा आपलाच, पण बिऱ्हाड बदलल्यासारखा वाटतो. १९७७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी काही विद्यार्थिनींना त्यांचाच फोटो सुलट आणि उलट असा दाखवला. त्यांना स्वतःला बहुधा आरशातल्यासारखा उलटा आवडला. त्यांच्या मैत्रिणींना सुलट. जे वरचेवर दिसते तेच आवडते, एवढाच याचा अर्थ. म्हणून "मी अशी दिसत नाही" असे वाटले आणि घरातली माणसे "अगदी तुझ्यासारखा आलाय" म्हणाली, तर घरातल्यांवर विश्वास ठेवावा. ती तुमचा चेहरा सुलट पाहत आली आहेत.

तिसरे कारण अंतराचे. हे नुसत्या त्रैराशिकाने समजते. नाकाच्या शेंड्यापासून कान सुमारे पाच इंच मागे असतात असे धरा. फोन हातात धरून स्वतःचा फोटो काढला तर भिंग नाकापासून एक फुटावर येते. म्हणजे नाक बारा इंचांवर आणि कान सतरा इंचांवर. नाक कानाच्या मानाने जवळजवळ दीडपट मोठे उमटते. तेच भिंग पाच फुटांवर नेले तर साठ आणि पासष्ट. फरक नावापुरता उरतो. २०१८ साली अमेरिकेतल्या वैद्यकतज्ज्ञांनी हा हिशेब रीतसर मांडला, तेव्हा एक फुटावरून नाक पाच फुटांवरच्या मानाने सुमारे तीस टक्के रुंद दिसते असे निघाले. असले फोटो पाहून माणसे नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायला येऊ लागली होती, म्हणून त्यांना हा खटाटोप करावा लागला. नाक बदलण्यापेक्षा चार पावले मागे सरणे स्वस्त पडते.

येथवर यंत्राचा दोष झाला. पण सारे यंत्रावर ढकलून चालणार नाही. स्टुडिओत अंतर बरोबर असते, प्रकाश बरोबर असतो, आणि तरी माणूस लाकडासारखा येतो. इथे प्रश्न नजरेचा आहे. आपल्या समाजात नजर वर करून पाहण्याचा हक्क सर्वांना सारखा नव्हता. सुनेने सासऱ्याकडे पाहायचे नाही, गड्याने मालकाकडे पाहायचे नाही, गावकुसाबाहेरच्याने तर कुणाकडेच नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालायला शिकवले, त्याला एके दिवशी खुर्चीवर बसवून "भिंगात सरळ पाहा" म्हटले तर तो गोंधळणारच. त्याला आपण 'लाजरा स्वभाव' म्हणतो. स्वभाव नव्हे, ती शिकवण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, अंगावर काय घालू नये, हे मुद्दाम सांगितले होते. नेसण्यावरून माणसाची पायरी ओळखण्याची जी खूण होती तीच त्यांना पुसायची होती. त्यांचे स्वतःचे फोटो आठवा: कोट नीट, नजर थेट. घराघरांत लागलेल्या त्या तसबिरीने किती माणसांना मान वर करून फोटोला बसायला शिकवले असेल, याची मोजदाद होणे नाही.

मग हसावे की नाही? फोटोग्राफर "स्माईल" म्हणतो आणि आपण दात दाखवतो. दुशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने १८६२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा हलका झटका देऊन कोणत्या स्नायूने कोणता भाव उमटतो याचे त्याने फोटो घेतले होते. त्याला आढळले की ओठांचे कोपरे वर नेणारा स्नायू हुकमाने हलतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदावाचून सहसा आकसत नाही. म्हणून हुकमी हसण्यात तोंड हसते आणि डोळे फोटोग्राफरकडे 'झाले का?' म्हणून पाहत राहतात. आमच्या मते हसू येत नसेल तर न हसलेले बरे. शांत चेहऱ्याला फोटोत काही कमीपणा नाही.

खरा उपाय दुसरा आहे, आणि तो आमच्या गावाने दरवर्षी पाहिलेला आहे. आषाढीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीवरून सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्यास मुक्काम करते. तिच्याबरोबर कॅमेरेवालेही येतात, लहान-मोठे, देशी-परदेशी. टाळ वाजवणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर भिंग येते, पण त्याचे भान जात नाही. शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटातून कावड वर चढवणाऱ्यांचेही तेच. या माणसांचे फोटो उत्तम येतात. आता त्याच टाळकऱ्याला कडेला बोलवा, भिंतीला पाठ लावून उभे करा आणि "बाबा, इकडे बघा" म्हणा. टाळ खाली ठेवला की हातांचे काय करावे ते त्याला सुचत नाही. ते दोन्ही बाजूंना कवायतीसारखे लोंबू लागतात, खांदे वर चढतात, चेहरा बंद होतो. फरक चेहऱ्यात पडला नाही, कामात पडला. हाताला काम असले की माणूस स्वतःला विसरतो.

चांगल्या फोटोग्राफरची निम्मी विद्या यातच आहे. मुंबईचे गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) हे मूळचे रसायनशास्त्राचे अध्यापक. पुढे जाहिरातीच्या व्यवसायात गेले आणि व्यक्तिचित्रणात त्यांनी फार मोठे नाव मिळवले. त्यांचा 'फेसेस' हा संग्रह १९९७ चा. त्यांच्यापुढे बसत ती नाणावलेली चित्रतारे-तारका मंडळी. यांना कसली आली आहे भीती, असे आपल्याला वाटेल. पण नटाला चित्रपटात संवाद असतो, चाल असते, दुसऱ्या कुणाचे तरी नाव असते. नुसत्या फोटोत हे सारे काढून घेतले जाते आणि तो एकटा उरतो. तेव्हा नटालाही जे अवघड, ते आपल्याला अवघड वाटले तर त्यात लाज कसली?

याच्या अगदी उलट टोकाला आधारचा फोटो आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी वस्तीच्या गावी या योजनेचा आरंभ झाला. दहा बोटे, दोन डोळे आणि एक चेहरा यंत्राने घेतला. तिथे गप्पा नाहीत, खिडकी नाही, रांग आहे. त्या फोटोत आपण सारे गुन्हेगार दिसतो अशी तक्रार ऐकू येते. पण तो फोटो आपल्याला दाखवण्यासाठी नसून ओळखण्यासाठी आहे. त्याच्याकडून तसबिरीची अपेक्षा करू नये, आणि तो पाहून 'माझा फोटो चांगला येत नाही' असा निकालही देऊ नये.

तेव्हा घरातल्या वडील माणसाचा एक बरा फोटो काढून ठेवायचा असेल, तर थोरल्या खर्चाची गरज नाही. स्टुडिओत गेलात तर उत्तमच. फक्त घाईची वेळ टाळा आणि बरोबर सूचना देणारे चार नातेवाईक नेऊ नका. "आत्या, मान वर", "आत्या, पदर नीट" असे चौघे बोलू लागले की आत्या हरवतेच. घरी काढायचा असला तर ऊन थेट नको. ओसरीवर किंवा उघड्या दाराच्या आत दोन हातांवर, तोंड उजेडाकडे करून बसवावे. छपराखालचा पिवळा दिवा मालवावा, फ्लॅश बंद ठेवावा. काढणाऱ्याने निदान पाच-सहा फूट मागे राहावे, आणि कॅमेरा बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. उभे राहून खाली बसलेल्या म्हातारीचा फोटो काढला की ती बिचारी दिसते. अंग किंचित तिरपे, तोंड समोर. चष्मा रोजचा असेल तर असू द्यावा. काचेत उजेड चमकला तर हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगावी. कपडे नवे कोरे नकोत, आवडते आणि धुतलेले असावेत. हातात तांदळाचे सूप द्या, पोथी द्या, नातवंड द्या, अडकित्ता द्या. मग आपण काहीतरी विचारावे, उत्तर लांबेल असे. लग्नात वऱ्हाड कसे आले होते, दुष्काळात विहिरीला पाणी कुठवर गेले होते, असे काही. पहिले दहा-पंधरा फोटो वाया जायचेच, म्हणून घाबरू नये. डोळे मिटले जात असतील तर आधी मिटायला सांगावे आणि तीन म्हटल्यावर उघडायला. श्वास सोडून झाल्यावरचा जो क्षण असतो, त्यात खांदे आपोआप उतरतात. तो क्षण पाहावा.

मग त्यातले चार-पाच कागदावर छापून आणावेत. फोनमध्ये ठेवलेला फोटो फोनबरोबर जातो. मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख घालावी. शाई पुढे उमटते. ते सगळे तिच्यापुढे मांडून कोणता ठेवायचा हे तिलाच विचारावे. ती बहुधा तुम्हांला न आवडलेला निवडील. तोच ठेवावा.